वंशावळीत एकाच महिन्यात चार मृत्यू: मागची हकीकत शोधायची कशी

वंशावळीच्या तक्त्यात एखादी शाखा मध्येच खुंटलेली दिसते. नवरा, बायको, दोन मुलं अशा चौघांपुढे एकच मजकूर: 'आश्विन शके १८४०'. खाली एक मुलगा उरतो आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'आजोळी वाढला'. घरात विचारलं तर कुणी म्हणतं देवी आल्या होत्या, कुणी म्हणतं विहिरीचं पाणी बाधलं, कुणी आवाज खाली आणून भाऊबंदांनी करणी केल्याचं सांगतं. शंभर वर्षांत हकीकत कुठल्या कुठे गेलेली असते आणि कागद मात्र कुठेतरी पडून असतात.

असं एक घर उदाहरणादाखल धरून शोधाचा क्रम सांगतो. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. असा शोध घेणारे बहुतेक जण फक्त आपल्या आडनावाच्या मागे लागतात आणि तिथेच अडकतात. त्या पंधरवड्यात शेजारच्या घरांत काय झालं, ते आधी पाहा. सगळं गाव होरपळलं असेल तर तो एक शोध आहे, आणि एकट्या आपल्याच घरात माणसं गेली असतील तर तो अगदी वेगळा शोध आहे. दोन्हींचे कागद वेगळ्या कचेऱ्यांत असतात.

पहिली पायरी: नोंद जशीच्या तशी उतरवा

मूळ पानाचा फोटो काढा आणि मजकूर अक्षरशः वहीत उतरवा. 'वारले', 'अल्पवयात गेले', 'निपुत्रिक', 'बेपत्ता', 'परागंदा' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले नसतात. 'परागंदा' लिहिलेल्याला मेलेला धरून तुम्ही पुढे गेलात, तर पुढचा सगळा शोध चुकीच्या दिशेने जाईल.

मग नोंद कुणी आणि केव्हा लिहिली ते पाहा. छापील कुलवृत्तांत बहुधा घटनेनंतर कितीतरी वर्षांनी, निरनिराळ्या शाखांकडून पत्रांनी माहिती मागवून तयार झालेले असतात. ज्या शाखेत माणसंच उरली नाहीत, तिची माहिती कुणी लांबच्या नातेवाइकाने कळवलेली असणार. ती नोंद खोटी नसते, पण ऐकीव असते.

आणि चार नावं दिसतात म्हणून चौघंच गेली असं समजू नका. जुन्या वंशावळ्यांत मुली नसतातच, बायका असल्या तरी सासरच्या नावाने असतात. त्या घरात त्याच महिन्यात एक-दोन मुलीही गेल्या असतील, तर ते वंशावळीतून कधीच कळणार नाही. ते मृत्यूच्या नोंदवहीत सापडेल.

दुसरी पायरी: तिथीची तारीख करा

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण तो चैत्रापासून साधारण पौषापर्यंतच. १ जानेवारीनंतर फाल्गुनाच्या शेवटापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. माघातल्या मृत्यूला ७८ मिळवून एक वर्ष मागे जाणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. मराठवाड्यातल्या कागदांत फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. मात्र निजामाच्या राज्यातलं फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नसे, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक गृहीत धरा. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा.

संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा करायला ते उत्तम. साठ संवत्सरांचं चक्र असल्यामुळे शकाचा आकडा आणि नाव जुळलंच पाहिजे. शके १८४० म्हणजे कालयुक्तनाम संवत्सर. कागदावर 'शके १८४० सिद्धार्थी' असेल तर लेखकाने दोन्हींपैकी एक चुकवलं आहे आणि तुम्हाला दोन वर्षं तपासावी लागतील.

आपल्या उदाहरणातला आश्विन शके १८४० म्हणजे ऑक्टोबर १९१८, अगदी शेवटी नोव्हेंबरचे पहिले दिवस. त्या वर्षी शुद्ध पक्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागला आणि अमावास्या ३ नोव्हेंबरच्या सुमारास आली. तारीख हातात आली की बरंच काही उलगडायला लागतं. इन्फ्लुएंझाची पहिली, सौम्य लाट जून १९१८मध्ये मुंबई बंदरातून शिरली होती. जीवघेणी लाट आली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तिथून रेल्वेने आणि घाबरून गावी परतणाऱ्या माणसांबरोबर ती खेड्यांत पोचली. पाऊस त्या वर्षी दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलं होतं. म्हातारी माणसं मानमोडीची साथ म्हणायची ती हीच.

काही तारखा मात्र एकाच दिवसाच्या असतात. शाखेतली दोन-तीन माणसं एकाच दिवशी गेलेली दिसली की आधी मोठ्या दुर्घटना आठवून पाहाव्यात. १४ एप्रिल १९४४ हा मुंबई गोदीतल्या स्फोटाचा दिवस. १७ जुलै १९४७ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगड-रत्नागिरीकडच्या वंशावळ्यांत ही तारीख हमखास भेटते. १२ जुलै १९६१ पानशेत, ११ डिसेंबर १९६७ कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ किल्लारी. यातलं काही जुळलं तर अर्धं काम तिथेच झालं.

तिसरी पायरी: देवघर आणि श्राद्धाच्या तिथी

कचेरीत जाण्याआधी घरातच पाहण्यासारखं बरंच असतं आणि लोक नेमकं हेच सोडतात. पितृपक्षात कुणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला होतं ते घरातल्या ज्येष्ठ बाईंना विचारा. एखादी बाई अविधवा नवमीला जेवते असं उत्तर आलं, तर ती नवऱ्याच्या आधी गेली. आपल्या उदाहरणात यावरूनच कळेल की त्या महिन्यात आधी बायको गेली की नवरा. एखाद्याचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला होत असेल तर कान टवकारा. पंचांगात त्या दिवशी 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' छापलेलं असतं. शस्त्राने, अपघाताने, अपमृत्यूने गेलेल्यांची ती तिथी. मृत्यूची तिथीच माहीत नसलेल्यांना सर्वपित्री अमावास्येला वाढतात, त्यामुळे घर सोडून गेलेला माणूस तिथे सापडू शकतो.

देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या आणि पूर्वजांच्या धातूच्या प्रतिमा, पाहा. नाशिक-खानदेशाकडे धुळवडीला वीर नाचवायची चाल असलेल्या घरांत तो वीर कोण, कसा मेला, याची काहीतरी कथा असतेच. शेतातल्या पिंपळाखाली मुंजाचा दगड असेल तर मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा शोधा. विहिरीच्या काठावर आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, मांडलेल्या असतील आणि घरातली सून त्या विहिरीकडे जायला आजही नाखूश असेल, तर तिथे कुणी बुडालं होतं का, हे हळूच विचारता येतं. हा पुरावा नव्हे. कुठल्या वर्षाची कुठली वही मागायची, तेवढं यावरून कळतं.

तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या हा पुढचा टप्पा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथे गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे तीर्थोपाध्ये वही काढतात. अस्थी घेऊन कोण आलं, कोणत्या तारखेला, बरोबर कोण होतं, हे त्यात मिळतं, बऱ्याचदा खुद्द पूर्वजाच्या सहीनिशी. त्र्यंबकेश्वरी नारायणबळी केल्याची नोंद असेल तर कुटुंबाने तो मृत्यू दुर्मरण मानला होता. हरिद्वारच्या पंड्यांच्या बऱ्याच वह्यांच्या प्रतिमा 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर पाहता येतात. जाताना उपाध्यायांना दक्षिणा द्या आणि आपल्या आजच्या पिढीची नावंही वहीत घाला.

चौथी पायरी: माणसांशी बोलणं

'ते कसे गेले हो?' असा प्रश्न टाकलात की ठरीव उत्तर येतं. त्यापेक्षा आडून विचारा. पणजोबांना कुणी वाढवलं? आजोळ कुठलं? त्यांची मुंज किंवा लग्न कुणी लावून दिलं? वडिलोपार्जित घर कुणाच्या ताब्यात गेलं? आत्या, मावश्या आणि माहेरवाशिणी यांच्याकडे पुरुषांपेक्षा नेमक्या गोष्टी असतात, कारण अनाथ पोर सांभाळायचं काम त्यांच्याच अंगावर पडलेलं असतं. 'काकी, तुम्ही लहान असताना सासूबाई त्या घराबद्दल काय म्हणायच्या?' असं विचारून गप्प बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर परवानगी घेऊनच.

'रानात झोपड्या घालून राहिले होते' असं वाक्य आलं तर कान प्लेगकडे वळवा. १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत सुरू झालेल्या प्लेगनंतर गावंच्या गावं बाहेर झोपड्यांत जात. 'उंदीर पडले' हेही त्याच काळाचं. 'वारीहून आले आणि दोन दिवसांत...' हे पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, लक्षण. मानमोडीच्या आठवणीत नेहमी येतं ते एवढंच की घरात पाणी द्यायलाही कुणी उठत नव्हतं, सगळेच एकदम पडले होते. त्या साथीने पोरांपेक्षा आणि म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त नेली, आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त. तरणेताठे आईबाप गेले आणि मधलं एक पोर वाचलं, हे आपल्या उदाहरणातलं चित्र या साथीशी जुळतं.

पाचवी पायरी: कोतवाल बुक

इथे वेळ द्या. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी ज्या वहीत असत तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. महसुली भाषेत गाव नमुना १४. या वह्या आज बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी गेल्या काही वर्षांत बऱ्याच वह्या कपाटाबाहेर आल्या, तपासल्या गेल्या, आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेली पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. आपलं गाव त्यात असेल तर पहिलं पान घरबसल्याही मिळू शकतं. नसेल तर गाव, तालुका, वर्ष आणि महिना लिहून नकलेसाठी साधा अर्ज करा. आडनाव लिहून 'सर्व नोंदी द्या' असं मागितलंत तर अर्ज परत येईल. 'मौजे अमुक येथील ऑगस्ट ते डिसेंबर १९१८च्या मृत्यूच्या नोंदींची पाने' असं मागा.

पाच महिने का, तर मोजायचं आहे म्हणून. पानावर सहसा तारीख, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय आणि रोग असे रकाने असतात. अक्षर मोडी, शाई फिकट, कडेला वाळवी. ऑगस्टच्या एका पानावर पूर्ण महिना मावलेला असतो. ऑक्टोबरला महिना मावायला पानंच्या पानं लागतात. नावाखाली नाव, रोगाच्या रकान्यात 'ताप', खाली पुन्हा 'ताप', आणि काही ठिकाणी नुसत्या वर-खाली दोन रेघा, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. आपल्या घरातली माणसं यात तुकड्या-तुकड्याने सापडतात: मुलगा एका तारखेला, आई दोन दिवसांनी, बाप पुढच्या पानावर. मधल्या सगळ्या ओळी शेजाऱ्यांच्या आहेत. त्याही उतरवून घ्या. महिन्यागणिक मृत्यू, त्यातली वयं आणि रोग असा छोटा तक्ता केला की करणीची कथा आपोआप मागे पडते.

रोगाच्या रकान्यावर फार विसंबू नका. तो डॉक्टरने भरलेला नसे. इन्फ्लुएंझाचे मृत्यू सरकारी आकड्यांतसुद्धा मोठ्या प्रमाणावर 'ताप' आणि 'श्वसनाचे विकार' या सदरांत गेले. 'देवी', 'पटकी', 'गाठीचा ताप' (प्लेग) हे शब्द त्या मानाने भरवशाचे, कारण ते रोग गावकऱ्यांना नजरेने ओळखता येत.

आता काही अडचणी. नाव सापडलंच नाही तर माहेरचं गाव तपासा. बाळंतपणाला गेलेल्या बाईचा मृत्यू तिथेच लिहिलेला असतो. कोकणातल्या किंवा घाटावरच्या घरातला पुरुष गिरणीत असेल तर त्याची नोंद मुंबई महापालिकेकडे. मोठ्या साथीत खुद्द नोंद ठेवणाराच आजारी पडल्यामुळे मधले आठवडे कोरे दिसतात, त्या कोऱ्या जागेचाही फोटो घ्या. आणि १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करता येत नाही, म्हणून नव्या धर्तीच्या दाखल्यावर भागवू नका, जुन्या पानाचीच प्रत मागा. मोडी येत नसेल तर पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग असतात. महिनाभर हात बसवला तर निदान नावं, वार आणि आकडे वाचता येतात, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

त्या काळी आपलं गाव कुणाच्या राज्यात होतं हेही पाहा. मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात, म्हणून तिथले कागद उर्दूत आणि काही हैदराबादच्या अभिलेखागारात. वऱ्हाड-नागपूर मध्य प्रांतात. कोल्हापूरचे कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात. वसई किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या दफनाच्या वह्या आहेत, आणि त्या आपल्या कोतवाल बुकापेक्षा पुष्कळ जुन्या असतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांची कागदपत्रं मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत.

सहावी पायरी: जमीन, शाळा, दत्तक

माणूस मेला की जमिनीला वारस लागतो. फेरफार नोंदवहीत 'खातेदार मयत, वारस अज्ञान मुलगा, पालनकर्ता मामा' (अज्ञान म्हणजे वयात न आलेला) अशा धर्तीची ओळ सापडली की आपली 'आजोळी वाढला' ही नोंद कागदावर पक्की होते. जुने फेरफार आणि सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे पाहता येतात. मात्र फेरफाराची तारीख मृत्यूची नव्हे. दोन्हींत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, आणि ते अंतर का पडलं हीसुद्धा कधी कधी एक वेगळी कथा असते, विशेषतः मधल्या काळात जमीन चुलत्याच्या नावावर असेल तर.

गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर मागा. मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण तिथे असतं. वाचलेल्या पोराचं नाव ऑक्टोबर १९१८नंतर गावच्या शाळेतून गळतं आणि पुढच्या वर्षी आजोळच्या शाळेत चढतं, हे दोन रजिस्टरं शेजारी ठेवली की दिसतं.

घरात पुरुष वारस उरला नसेल तर दत्तक शोधा. विधवेने दत्तक घेतला, भाऊबंदांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, हा तर जुन्या महाराष्ट्राचा ठरलेला क्रम. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असू शकतं. वाद हायकोर्टापर्यंत पोचला असेल तर छापील निकालात कोण आधी मेला, कोण नंतर, हे तारीखवार दिलेलं असतं, कारण वारसा त्याच क्रमावर ठरायचा. चार मृत्यूंचा क्रम इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

सातवी पायरी: वर्तमानपत्रं

'केसरी', 'ज्ञानप्रकाश' आणि 'टाइम्स'चे जुने अंक पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथसंजीवनी'वर जुनी पुस्तकं-नियतकालिकं पाहता येतात. छोट्या गावातल्या चार माणसांची बातमी सापडेल अशी आशा धरू नका. तालुक्याचं वार्तापत्र वाचा. शाळा बंद, बाजार भरला नाही, औषध वाटलं, अशा चार ओळी मिळतात आणि त्या तुमच्या तक्त्यातल्या आठवड्याशी जुळतात का ते पाहायचं.

गावात दुसरं कुणीच गेलं नसेल तर

तक्त्यात बाकी गाव नेहमीसारखं आणि फक्त आपल्याच घरात दोन दिवसांत तिघं गेलेली दिसली, तर आता साथ विसरा. विषबाधा, भिंत कोसळणं, आग, वीज, विहीर, खून. १८६७च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने अशा मृत्यूची चौकशी पंचांसमक्ष करून वर कळवण्याचं काम पोलीस पाटलाकडे होतं. मूळ पंचनामे फार थोडे टिकले, पण खटला उभा राहिला असेल तर जिल्हा न्यायालयाचं रेकॉर्ड, छापील निकाल आणि वर्तमानपत्र अशा तीन जागा उरतात. मुंबई शहरातला मृत्यू असेल तर १९९९मध्ये बंद होईपर्यंत तिथे कॉरोनरचं न्यायालय होतं, आणि त्याच्या चौकशीच्या बातम्या इंग्रजी दैनिकांत नेमाने येत.

तरुण सुनेचा 'विहिरीत पाय घसरून' मृत्यू हा जुन्या कागदांत इतक्या वेळा येतो की तो वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. पण कागदावर जे आहे तेवढंच लिहा. तिच्या माहेरी वेगळं सांगितलं जात असेल तर तेही लिहा, माहेरचं म्हणून.

लिहून काढताना

प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करा: कागद, ऐकीव किंवा अंदाज. आपल्या उदाहरणात चार मृत्यूंच्या तारखा हा कागद, 'पाणी द्यायला कुणी नव्हतं' हे ऐकीव, आणि इन्फ्लुएंझा हा अंदाज, कारण वहीत फक्त 'ताप' लिहिलं आहे. अंदाज भक्कम असला तरी खूण बदलायची नाही.

आत्महत्या, खून किंवा अनौरस संततीचा विषय निघाला तर त्या शाखेतल्या हयात मोठ्या माणसाला आधी वाचून दाखवा, मगच भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. नको म्हणाले तर ते पान स्वतःजवळ ठेवा आणि वंशावळीत फक्त तारखा भरा. उरलेली हकीकत कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीसाठी संपादकांना कळवायची असेल तर एवढ्यात आटोपते: 'चौघेही ऑक्टोबर १९१८मध्ये तापाने वारले (गाव नमुना १४). त्याच महिन्यात गावात नेहमीच्या कित्येक पट मृत्यू, बहुधा इन्फ्लुएंझा. दोन मुली, नावे याच वहीत प्रथम आढळली, वंशावळीत घ्यावीत.'